वाचणं आपलं काम नाही

आमच्या गावाला सिटी म्हणतात ते केवळ इथे कॅथीड्रल आहे म्हणून. एरवी नॉटिंगहॅमहून ट्रेननं तासाभरावर असलेलं हे गाव पाऊण तासात चालून संपतं. गावात दोन सेकंडरी शाळा आहेत. टेकडीवर सिक्स्थ फॉर्म कॉलेज आहे, तिथे सोळाव्या वर्षानंतर हुशार समजली जाणारी मुलं ए-लेव्हल, म्हणजे इथली अकरावी-बारावी, करायला जातात. बस स्टेशनच्या मागे दुसरं कॉलेज आहे, तिथे उरलेली मुलं वायरिंग, इंजिनिअरिंग, स्वयंपाक आणि केस कापणं शिकतात. एवढ्या चार ठिकाणी गावातली सगळी मुलं शिकतात आणि बहुतेक बरी निघतात. पुरुषोत्तम खानझोडे सरांच्या मते मात्र या चारही ठिकाणी लबाडीखेरीज काहीच शिकवलं जात नव्हतं, आणि ती पकडू शकेल असा गावात एकच माणूस होता. तो कोण, हे सांगायला ते लाजत नसत.

मी त्यातल्या एका शाळेत सायन्स टेक्निशियन आहे. म्हणजे शिकवत नाही. बीकर धुते, ॲसिडं मोजून ठेवते आणि ज्या मास्तरांचा प्रयोग फसतो त्यांच्यामागून फरशी पुसते. सर त्याच शाळेत परीक्षेच्या दिवसांत इन्व्हिजिलेटर म्हणून येत. इकडे हे काम बहुतेक रिटायर्ड मंडळी करतात. हॉलमध्ये फिरायचं, जादा कागद द्यायचा, कोणी टॉयलेटला निघालं तर दारापर्यंत सोबत जायचं. दोन तास गप्प उभं राहता आलं की झालं. सरांनी मात्र या कामाचं संस्थान करून टाकलं होतं.

विदर्भातल्या एका कॉलेजात ते परीक्षा अधीक्षक होते आणि वर्षानुवर्षं भरारी पथकात, म्हणजे केंद्रांवर अचानक धाड घालून कॉपी पकडणाऱ्यांत. जीपमधून उतरायचं, मागच्या खिडकीखाली दबा धरायचा आणि वरून पडणाऱ्या चिठ्ठ्या झेलायच्या, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत गोड आठवण. एका दिवसात एका केंद्रावर चाळीस पोरं पकडली, हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की शेवटीशेवटी ती पोरं पन्नास झाली होती. मुलगा इकडे इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर करतो, म्हणून रिटायर झाल्यावर सर आणि सुमनकाकू त्याच्याकडे येऊन राहिले. घरात मुलगा, सून आणि नात रेवा. रेवा इथेच जन्मली आणि आमच्याच शाळेत होती.

सर उंच होते, ताठ होते आणि उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालत. बूट रबरी तळाचे, कारण पावलांचा आवाज आला की चोर सावध होतो. हात कायम पाठीमागे. डोकं मात्र पूर्ण पांढऱ्या, दाट, मागे वळवलेल्या केसांचं, आणि त्या केसांचा त्यांना अभिमान होता. काकू दर महिन्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवून ते कापायच्या. इथल्या न्हाव्याच्या हातात डोकं द्यायचं म्हणजे काय, असं ते म्हणत.

त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं: वाचणं आपलं काम नाही, कळवणं आपलं काम. चिठ्ठी सापडली तर तीत काय आहे ते पर्यवेक्षकानं बघू नये. बघितलं की विचार येतो, विचार आला की दया येते, आणि दया आली की परीक्षा बुडाली. टाचणी लावायची, वेळ लिहायची, वर पाठवून द्यायची. एकदा त्यांनी एका मुलाच्या खिशातून काढलेली चिठ्ठी किराण्याची निघाली होती. साबुदाणा, भगर, शेंगदाणे. चौकशी होऊन निकाल लागेपर्यंत मुलाचं वर्ष गेलं होतं. हा किस्सा ते स्वतःच सांगत, तोही रंगवून. मी विचारलं, वाईट नाही वाटलं तुम्हाला? तर म्हणाले, कसं वाटेल, मी वाचलीच नव्हती ना. 

शाळेत नव्या इन्व्हिजिलेटरांचं ट्रेनिंग कँटीनमध्ये होतं. परीक्षा सांभाळणारी आमची लिंडा, पंचावन्नची, गळ्यात चष्मा, कोणावर आवाज न चढवणारी. तिनं नियम सांगितले. घड्याळ नको, फोन नको, पाण्याच्या बाटलीवरचं लेबल काढलेलं हवं. बाटलीच्या लेबलावर सरांनी मान डोलावली; हा देश अगदीच वाया गेलेला नाही, असं त्यांना तेवढ्यापुरतं वाटलं असावं. मग त्यांनी हात वर करून विचारलं, की मुलांचे मोजे कोण तपासतं? लिंडा म्हणाली, आम्ही मुलांना हात लावत नाही. पुढचं ट्रेनिंग सरांच्या कानात शिरलंच नाही. बाहेर पडताना मला मराठीत म्हणाले, "मोजे बघत नाहीत. मग हे लोक परीक्षा घेतात कशाला?"

पहिल्याच मोसमात त्यांनी शाळेच्या हेडना हॉलबाहेर काढलं. हेड बिचारे मुलांना गुड लक म्हणायला आले होते. सर त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, की पेपर वाटायला सुरुवात झाली आहे, अनधिकृत व्यक्तीनं जावं. हेड गेले. मला वाटलं, आता सरांची उचलबांगडी. पण हेडनी स्टाफरूममध्ये त्यांचं कौतुक केलं, असा बाणेदार माणूस हवा म्हणाले. इंग्रजांना आपल्याकडच्या माणसाचा खडूसपणा दिसला की ते त्याला सचोटी समजतात. त्यानंतर सरांचं विमान उतरलंच नाही. कोणी छताकडे पाहिलं की ते छताकडे पाहत, कोणी खोकलं की वहीत वेळ लिहीत.

गणपतीला आम्ही पन्नासएक मराठी माणसं कम्युनिटी हॉलमध्ये जमतो. तिथे मुलांचं क्विझ घ्यायचा मान सरांचा, आणि त्यासाठी ते टेप घेऊन खुर्च्यांमधलं अंतर मोजत. आरतीनंतर प्रसाद घेताघेता नव्या आईबापांना गावातल्या चारही संस्थांची प्रतवारी ऐकवत. पहिलं, दुसरं आणि तिसरं सांगून झाल्यावर थांबत आणि म्हणत, चौथं धरत नाही मी. चौथं म्हणजे बस स्टेशनमागचं. जिथे केस कापायला शिकवतात त्याला कॉलेज म्हणायचं तर न्हाव्याच्या दुकानाला युनिव्हर्सिटी म्हणावं लागेल. माझा मुलगा तेव्हा तिथेच इलेक्ट्रिशियनचं शिकत होता आणि हे त्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "चांगलं आहे, काहीतरी करतोय." हातातला मोदक मी तसाच परत ठेवला. नाकानं कांदे सोलणारी माणसं मी सांगलीतही पाहिली होती, पण ती निदान दुसऱ्याच्या ताटात सोलत नव्हती.

तेव्हा मी सरांविषयी जे सांगते आहे ते निर्मळ मनानं सांगत नाही, हे वाचणाऱ्यानं धरून चालावं.

रेवा मात्र वेगळी. बारीक, चष्मा, बोलणं कमी. तिला मॅथ्स आवडायचं, नुसतं जमायचं असं नाही. लॅबमध्ये मला मदत करायला यायची तेव्हा टेस्ट ट्यूबच्या रॅककडे बघून त्या किती प्रकारे मांडता येतील ते सांगायची. तिला टेकडीवरच्या कॉलेजात ए-लेव्हलला मॅथ्स घ्यायचं होतं, आणि त्यासाठी त्यांना जीसीएसईत, म्हणजे इथल्या दहावीत, मॅथ्सची निदान सातवी ग्रेड हवी होती; इथे नववी सगळ्यांत वरची. तिला सहज मिळाली असती. अडचण एकच, की परीक्षेच्या हॉलमध्ये तिची बोटं गार पडायची. मॉक परीक्षेत दोन प्रश्न तिनं नुसतेच सोडले होते. का, विचारलं तर म्हणाली, "काकू, आबा चालतात ना, त्यांचा शूजचा आवाज नाही येत. मग मला वाटते, ते माझ्या मागे आहेत."

हे मी सरांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ऐकून त्यांना अभिमानच वाटला असता.

मेंदीचा नियम त्याआधीच ठरला होता. ईदनंतर एक पेपर होता आणि निम्म्या मुली हातभर मेंदी लावून आल्या होत्या. सरांनी त्यांना रांगेत उभं करून तळवे बघायला सुरुवात केली, तेव्हा लिंडानं तिच्या परीनं कडक होऊन सांगितलं, की नक्षी चालेल, फक्त अक्षरं चालणार नाहीत. सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

मॅथ्सचा शेवटचा पेपर जूनमध्ये वटपौर्णिमेला आला. सुमनकाकू दरवर्षी खिडकीतल्या छोट्या बोन्सायला दोरा गुंडाळतात आणि सात जन्म हाच नवरा मागतात. हाच. बाई भोळ्या की शूर, मला अजून ठरवता आलेलं नाही. आदल्या दुपारी त्यांनी स्वतःच्या हातांवर मेंदी काढली आणि रेवाच्या डाव्या तळव्यावरही काढली.

नातेवाईक असेल त्या हॉलमध्ये माणसानं एकट्यानं पर्यवेक्षण करायचं नाही, असा नियम आहे. सरांनी स्वतःच लिंडाला त्याची आठवण करून दिली. एरवी ती त्यांना दुसरी खोली द्यायची, पण त्या दिवशी दोघंजण आजारी होते, म्हणून तिनं त्यांना हॉलमध्येच पार दुसऱ्या टोकाच्या रांगा दिल्या. पुढचं मला तिनंच सांगितलं. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला होता. एका रांगेतली मुलगी डावी मूठ उघडून बघते, मिटते, लिहिते, पुन्हा उघडते, हे सरांनी लांबून पाहिलं. रांगा त्यांच्या नव्हत्या. तिकडे दुसरी बाई होती. तरी ते हॉल ओलांडून गेले, रबरी बुटांनी, आणि मागून वाकून पाहिलं. वेलीच्या नक्षीत, अंगठ्याच्या खालून वळत गेलेली एक बारीक ओळ होती. वर शिरोरेषा.

त्यांनी हात वर केला.

आपल्या भाषेतली चार अक्षरं दिसली की डोळे ती आपोआप वाचतात, त्याला कष्ट लागत नाहीत. न वाचायला कष्ट लागतात. ते सरांनी चाळीस वर्षं घेतले होते. शिरोरेषा दिसताक्षणी त्यांनी नजर उचलली असणार. लिंडा धावत आली. रेवाला उठवून बाहेर नेलं, हॉलमधल्या सगळ्या मुलांनी माना वळवून पाहिलं, आणि बाजूच्या लहान खोलीत तिच्या तळव्याचा फोटो काढला गेला. मग लिंडा माझ्याकडे लॅबमध्ये आली. त्या आजोबा-नातीखेरीज शाळेत हे वाचू शकेल असं दुसरं कोणी नव्हतं.

मी टॅबलेटवर फोटो मोठा केला. काकूंचं अक्षर होतं, गणपतीच्या प्रसादाच्या याद्यांवर मी ते दरवर्षी बघते. लिंडाला मी इंग्रजीत अर्थ सांगितला. ती म्हणाली, "ओ, द पुअर गर्ल." तिनं रेवाला गेलेला सगळा वेळ परत दिला, तीच खोली दिली, पाणी दिलं. मी दारातून डोकावले. रेवा पेन धरून बसली होती आणि डाव्या हाताची मूठ मांडीखाली दाबून ठेवली होती. मला बघून म्हणाली, "काकू, मी कॉपी नाही केला." मी म्हटलं, माहीत आहे गं, लिही तू. तिनं मान हलवली, पण पेन हललं नाही.

सर लिंडाच्या ऑफिसबाहेर खुर्चीवर बसून रिपोर्टचा फॉर्म भरत होते. वेळ, रांग, आसन क्रमांक, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. उमेदवाराच्या नावाच्या जागी आपलं आडनाव लिहितानाही रेघ हलली नव्हती.

मी म्हटलं, "सर, काय लिहिलंय ते वाचलंत का?"

"वाचणं माझं काम नाही."

"मग मी वाचते. 'घाबरू नकोस, आबा तिथेच आहेत.'"

त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. कॉरिडॉरमध्ये दोन शिक्षक होते, त्यांना भाषा कळत नव्हती, तरी ते थांबले. दुसऱ्यांदा वाचायची काही गरज नव्हती. पण मला त्या वेळी बरं वाटत होतं, मोदकाच्या दिवसापासून साठलेलं निघत होतं, आणि बाजूच्या खोलीचं दार उघडं आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. रेवानं ते दोन्ही वेळा ऐकलं असणार.

फॉर्मवर नजर ठेवूनच सर म्हणाले, "अक्षर कोणाचं आहे?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता हा माणूस फॉर्म फाडेल, निदान उठून त्या खोलीत जाईल. त्यांनी टोपण पुन्हा काढलं आणि खाली सही केली. सहीशिवाय फॉर्म अपुरा राहिला असता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळताना दिसला नाही.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले. उपास होता, बोन्सायला दोरा गुंडाळलेला होता. काकू ओट्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरगी घाबरून राहिली होती गं. मीच तिला सांगितलं, भीती वाटली की हात उघडून पाहायचा. मला वाटलं, हे तिथे असतातच, तर तिला तेवढा आधार." मग त्यांनी सरांचं ताट वाढलं, बैठकीत नेऊन ठेवलं, आणि परत येऊन माझ्याशी दुसरंच काही बोलू लागल्या.

परीक्षा बोर्डानं काहीच केलं नाही. कॉपी नव्हती, प्रकरण मिटलं. पण पेपरची शेवटची सहा पानं कोरी होती. रेवाला सहावी ग्रेड मिळाली. टेकडीवरच्या कॉलेजनं फार गोड शब्दांत नाही म्हटलं. नोव्हेंबरमध्ये पुन्हा बसता आलं असतं, तिच्या आईनं विनवण्या केल्या. रेवा म्हणाली, मी त्या हॉलमध्ये परत नाही जाणार. सप्टेंबरात ती बस स्टेशनमागच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला गेली. लिंडानं पुढच्या मोसमात सरांना बोलावलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. गणपतीला ते आले, पण क्विझ दुसऱ्या कोणीतरी घेतलं, आणि खुर्च्या कशाही मांडलेल्या होत्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हिवाळ्यात. कॉलेजच्या तळमजल्यावर एक सलून आहे, तिथे शिकणाऱ्या मुली गावातल्या लोकांचे केस कापून हात बसवतात. माझ्या मुलाच्या वेळेपासून मी तिथेच जाते. आत शिरले तर समोरच्या खुर्चीवर, गळ्याभोवती काळं कापड, खानझोडे सर. मागे वळवलेले ते दाट केस गेले होते. एका बाजूला अगदी बारीक, दुसऱ्या बाजूला थोडे लांब, कानामागे एक पायरी पडलेली. रिसेप्शनवरच्या मुलीला मी विचारलं, हे नेहमी येतात का. ती म्हणाली, दर बुधवारी. कोणालाही, अगदी पहिल्या महिन्यातल्या मुलीलाही कापू देतात, आम्हाला फार उपयोगी पडतात. बुधवारी रेवाचा वर्ग त्याच मजल्यावर असतो, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं.

त्यांच्यामागे सतराएक वर्षांची मुलगी कात्री धरून उभी होती. त्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल होतं. तिची टीचर दोन पावलांवर वही घेऊन उभी होती, आणि मुलीची कात्री केसांपाशी जाऊन परत येत होती. सर आरशातून तिच्याकडे बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले, "डोन्ट बी स्केअर्ड. आय ॲम हिअर ओन्ली."

एरवी मी त्या इंग्रजीला हसले असते.

मुलीनं श्वास घेतला आणि कापायला लागली. तेवढ्यात वर्ग सुटला. आरशात मागची काच दिसत होती, काचेपलीकडे कॉरिडॉर, आणि त्यातून चार-पाच मुलांबरोबर रेवा चालत गेली. तिनं आत पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही. ती थांबली नाही. मुलीनं विचारलं, मागून अजून थोडे कमी करू का? मागे कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. करा, असं सरांनी हातानं सांगितलं आणि आरशातल्या त्या काचेकडे बघत बसून राहिले.